विळी आणि करुणाचा भोपळा

ओट्याखाली आम्ही एकूण सात वस्तू राहतो. दोन पाट, कांद्याची टोपली, लोखंडी खलबत्ता, पितळेचा डबा, शेवया करायचं जुनं यंत्र आणि मी. सातांपैकी रोज बाहेर निघते ती फक्त टोपली. मित्रांनो, मी या घरातली जुनी विळी आहे. बरीच वर्षं माझं पातं भिंतीकडे वळवून ठेवलेलं होतं, त्यामुळे मला फारसं दिसत नसे. ऐकू मात्र सगळं येई.

माझा जन्म वसमतजवळच्या एका लोहाराच्या भट्टीत झाला. त्याआधी मी एका ट्रकच्या स्प्रिंगमधल्या पोलादी पाट्याचा तुकडा होते. लोहाराने मला लाल होईपर्यंत तापवलं, घणाने ठोकलं आणि पाण्यात बुडवलं. पोलाद तापवून एकदम थंड केलं की ते कडक होतं. माझी धार टिकते ती त्यामुळे. मग मला बाभळीच्या पाटात ठोकून बसवलं आणि हट्टा गावच्या बाजारात विकायला मांडलं.

तिथे केशरबाई आली. तेव्हा ती नवी नवरी होती. तिने अंगठ्यावर माझी धार पाहिली आणि लोहाराला विचारलं, "हिनं डांगर चिरंल का?"

आमच्या भागात लाल भोपळ्याला डांगर म्हणतात. लोहार हसला. "डांगर तुमचा मालक चिरंल बाई. तुमी कांदे चिरा."

"मालकाला कांदे देते," केशरबाई म्हणाली. "डांगर मीच चिरीन."

लोहार का हसला, ते तुम्हाला सांगायला हवं. भोपळा हा घरातला थोरला लेक, असं जुनी माणसं मानत. बाईने अख्ख्या भोपळ्याला हात घालू नये, पहिली चीर पुरुषाने द्यावी, मग बाईने फोडी कराव्या, अशी रीत होती. अजूनही पुष्कळ घरांत आहे. पण केशरबाईच्या घरात भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची अशा दोन तसबिरी होत्या, आणि असल्या रीती त्या घराने केव्हाच सोडल्या होत्या. तिचा नवरा नरसिंग म्हणाला, "चीर. खायचं तर सगळ्यांनाच हाय."

तिने चिरलं. गल्लीत चार दिवस चर्चा झाली. नंतर झालं असं, की ज्यांचे नवरे शेतात गेलेले असत, त्या बायका आपापलं डांगर उचलून आमच्याच दारात येऊ लागल्या. स्वतः चिरायचं नाही, पण केशरबाईने चिरलेलं चालत होतं. शेजारची भिकाबाई तर दर हंगामात यायची.

ते माझे चांगले दिवस होते. भीमजयंतीच्या जेवणाला पोतंभर कांदे मी कापले आहेत. "केशरबाईची विळी म्हंजे विळी," असं बायका म्हणायच्या. माझं पातं धार लावून लावून बोटभर झिजलं, पण मला त्याचं दुःख नव्हतं. वापराने झिजणं वेगळं आणि पडून गंजणं वेगळं.

पुढे केशरबाईचा मुलगा प्रेमानंद हिंगोलीला हळदीच्या बाजारात वजनकाट्यावर कामाला लागला. त्याचं लग्न झालं. सून पल्लवी विज्ञान शिकलेली होती. ती घरीच मुलांच्या शिकवण्या घेऊ लागली. तीही माझ्यावर बसून भोपळा चिरायची आणि गूळ घालून घारगे करायची. ते घारगे तिच्या थोरल्या मुलाला, प्रज्ञेशला फार आवडत. तो माझ्यापासून हातभर अंतरावर बसायचा, कारण त्याला तेवढीच परवानगी होती, आणि बिया गोळा करायचा.

तो चार वर्षांचा असताना पावसाळ्याच्या शेवटी त्याला ताप आला. घरामागे एक जुना टायर पडला होता. त्यातल्या साचलेल्या पाण्यात डास वाढले होते, हे आरोग्यसेवकाने नंतर दाखवलं. डेंग्यू होता. आधी हिंगोलीला नेलं, मग नांदेडला. तिथून प्रज्ञेश परत आला नाही. त्याची बहीण करुणा तेव्हा पाळण्यात होती.

भेटायला आलेल्या बायकांत भिकाबाई होती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून ती दुसरीला हळूच म्हणाली, "डांगर थोरला लेक असतो म्हंतेत. या घरात बायाच चिरतेत. आता काय बोलावं." पल्लवी तिथेच भिंतीला टेकून बसली होती. प्रज्ञेशला ताप आला त्याच आठवड्यात तिने माझ्यावर भोपळा चिरला होता.

नंतर कोणी काही बोललं नाही. पण एके दिवशी केशरबाईने मला उचललं, पातं भिंतीकडे केलं आणि ओट्याखाली ठेवलं. परसात भोपळ्याचा वेल आपोआप उगवला होता, तो तिने उपटून टाकला. घरात लाकडी फळीवर सुरीने भाजी चिरणं सुरू झालं. बाजारातून सगळ्या भाज्या येत, भोपळा येत नसे. माझ्या पात्यावर आधी पिवळे, मग तांबूस डाग पडले. लोखंड, हवा आणि ओल एकत्र आली की गंज चढतो. त्याला दुसरं काही लागत नाही.

आता करुणा पहिलीत आहे. गाडीने वसमतच्या इंग्रजी शाळेत जाते. तिचे वरचे दोन दात पडले आहेत. या ऑक्टोबरात शाळेतून मोबाइलवर निरोप आला. सोमवारी हॅलोविन आहे, प्रत्येक मुलाने भोपळा पोखरून, त्याला डोळे-तोंड कोरून आणावा.

"हा कोणता सण म्हणावा?" केशरबाईने विचारलं.

"भुतांचा, आजी. सगळे भूत बनतात."

"घ्या. आपल्या माणसांनी भूतं सोडायला पिढ्या घालवल्या, अन् ही शाळा फी घेऊन भूत शिकवून राहिली."

"खरं भूत न्हाई आजी. चादर घालायची असते."

"चादरीतलं भूत तर तुझा आजा बी होता. सकाळी उठायचाच न्हाई."

करुणा हसली. प्रेमानंद म्हणाला, "प्लास्टिकचा भोपळा मिळतो. तो आणू."

"मॅडमनी खरा सांगितला," करुणा म्हणाली. "सगळ्यांचा खरा असणार. माझाच खोटा काहून?"

पल्लवी भांडी घासायला लागली. नळ बराच वेळ चालू राहिलेला मला ऐकू आला.

शनिवारी संध्याकाळी प्रेमानंदने मोटरसायकलवरून एक भोपळा आणला आणि दाराशी ठेवला. जाता-येता सगळे त्याला वळसा घालत होते. रविवारी सकाळी केशरबाई ओट्याखाली वाकली आणि तिने मला बाहेर ओढलं.

"चाकूनं व्हायचं न्हाई. मूठ हातात येईल," ती म्हणाली. तिने विटकरीच्या चुऱ्याने माझा गंज घासला, पुसलं, आणि मला मधल्या खोलीत ठेवलं. इतक्या वर्षांनी मला ते घर दिसलं. भिंतीवर दोन तसबिरींखाली एक छोटा फोटो होता, चार वर्षांच्या मुलाचा.

प्रेमानंद माझ्यावर बसला. त्याने भोपळा उचलला.

"थांबा," पल्लवी दारातून म्हणाली. "तुमी नका कापू."

"काहून?"

"तुमी कापलं तर ते खरं ठरंल."

"काय खरं ठरंल?"

पल्लवी पुढे आली. "भिकाबाई त्या दिवशी बोलल्या ते. बाईनं चिरलं म्हणून थोरला गेला. मी चिरलं होतं, त्याच आठवड्यात. आता तुमी चिरलं म्हणजे आपण ते मान्य केलं."

केशरबाईच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "भिकाबाई असं बोलली?" ती म्हणाली. "अगं, तिची डांगरं म्याच चिरून दिलीत, दर साली. तिचे तीन लेक धडधाकट हायेत. त्याइला काहून काही झालं न्हाई?"

"ते मला कळतं आत्याबाई. डेंग्यू कशानं होतो ते पोरांना मीच शिकवते. पण तुमी विळी भिंतीकडं केली. वेल उपटला. मला वाटलं, तुमाला बी तसंच वाटतं. बोलत न्हाईत एवढंच."

केशरबाई खाली बसली. "वेल म्या तुझ्यासाठी उपटला, पोरी. तुझ्या डोळ्यापुढं येऊ न्हाई म्हणून. मला वाटलं, तू मानून राहिली."

प्रेमानंद भोपळा मांडीवर धरून बसला होता. "अन् मी तुमा दोघींमुळं आणत नव्हतो," तो म्हणाला.

करुणा केव्हा आत आली, ते कोणाला कळलं नव्हतं. ती फोटोकडे पाहत होती. "मम्मी, मॅडम म्हणाल्या, हॅलोविनला मेलेले लोक भूत बनून घरी येतात. दादा भूत झाला का?"

पल्लवीने तिला जवळ घेतलं. तिचा आवाज शिकवणीतल्यासारखाच स्पष्ट होता, फक्त सावकाश. "न्हाई. भूत नसतं. दादाला ताप आला होता. डास चावल्यामुळं आला. डॉक्टरांनी खूप केलं, पण तो गेला. कोणी काही चिरल्यामुळं न्हाई गेला."

"मग येणार न्हाई?"

"न्हाई."

करुणाने विचार केला. "त्याचे दात पडले होते का, माझ्यासारखे?"

"न्हाई. त्याचे सगळे होते."

"मग भोपळ्याला माझं तोंड काढ," करुणा म्हणाली. "म्हणजे मॅडमना कळंल, हा दादा न्हाई."

प्रेमानंद माझ्यावरून उठला. पल्लवी बसली. तिने उजवा पाय माझ्या पाटावर दाबला, भोपळा दोन्ही हातांत धरला आणि देठाखाली माझ्या पात्याला टेकवला. तिथेच ती थांबली. केशरबाईने पुढे होऊन पाटाची दुसरी बाजू दाबून धरली. मग पल्लवीने जोर दिला. साल कडक होती. आधी करकर झाली, मग ती फाटली आणि पातं आत गेलं. बाहेर कोणाच्या तरी विहिरीवरची मोटर चालू होती. ती चालूच राहिली.

देठाची चकती वेगळी झाली. करुणाने पळीने गर काढला. तिने खडूने डोळे आणि तोंड आखलं, तोंडात वरच्या दोन दातांची जागा मोकळी सोडली. पल्लवीने सुरीच्या टोकाने ते कोरलं. आत मेणबत्ती ठेवून पाहिली. दुपार असल्यामुळे उजेड फारसा दिसला नाही. केशरबाईने गराची भाजी टाकली आणि म्हणाली, "भुतानं जेवायची तरी सोय केली." पल्लवी हसली आणि मग रडली. तिला कोणी थांबवलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी वस्तू तुमच्या घरात तोंड भिंतीकडे करून ठेवलेली असेल, तर ती तशी का ठेवली ते मोठ्यांना विचारा. ते गप्प राहिले तर थोड्या दिवसांनी पुन्हा विचारा. घरामागे टायर, डबा, फुटकं मडकं पडलं असेल तर त्यातलं पाणी आजच ओता. आणि विळी धुतली की लगेच पुसायला सांगा. पण तिला हात मोठ्यांनीच लावायचा, तुम्ही हातभर लांब बसा.

संध्याकाळी करुणाने दप्तरातली पट्टी आणून भोपळ्याचे डोळे मोजले. डावा डोळा चार सेंटिमीटर भरला, उजवा साडेपाच.