लाल उजेडाची वायर

लखनकडे नवा टीव्ही आला तेव्हा त्यानं गल्लीत सांगितलं, जुना त्याच्या मुलीनं, प्रगतीनं, बॉल मारून फोडला. मी ते खरं मानलं. दहा वर्षांच्या मुलीच्या हातून बॉल सुटतो आणि काहीतरी फुटतं. शाळेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला त्यात नवल वाटत नाही.

सांगवीत आमची घरं समोरासमोर आहेत. लखन पिकअपमध्ये इंदापूरकडचे पेरू आणि डाळिंबं भरून बारामतीच्या मार्केट यार्डात पोचवतो. संध्याकाळी तो घरी आला की मारामारीचा पिक्चर लागायचा, आणि तोही इतक्या मोठ्यानं की माझ्या खिडकीच्या काचा थरथरायच्या. तो आवाज त्याच्या वडिलांच्या, झुंबरतात्यांच्या जुन्या रिसिव्हरचा. पाच लहान स्पीकर आणि छातीत दणका देणारा एक मोठा. तात्या होते तोवर त्यावर सकाळी भजनं लागायची. तात्या गेले आणि पिक्चर आले. गल्लीला त्याचीही सवय झाली.

नवा टीव्ही आल्यापासून आठवडाभर मात्र गल्ली शांत होती. रविवारी दुपारी लखन माझ्या ओट्यावर आला.

"गुरुजी, तुमी शाळेत सायन्स शिकवायचा. आमचं थेटर नव्या टीव्हीला जोडून द्या की. त्येला भोकंच न्हायत."

"कसली भोकं?"

"लाल-पांढरी. टीव्हीचा आवाज म्हंजे डास गाणं म्हणतोय जणू."

मला हसू आलं. मी माझी अवजारांची पेटी उचलली आणि त्याच्यामागून गेलो.

लखनची बायको मोना दारात उभी होती. तिचा डावा डोळा सुजून पार मिटला होता.

"न्हाणीत पाय घसरला," मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली आणि आत वळली.

लखन कॉटवर मोबाईल बघत पडला. प्रगती कोपऱ्यात उभी होती. दर रविवारी सकाळी सात-आठ मुलं माझ्या ओट्यावर सेल, बल्ब आणि वायरी घेऊन बसतात. त्यात हिच्याइतके प्रश्न कुणी विचारत नाही. मी तिच्या हातात बॅटरी दिली.

"जुन्या रिसिव्हरच्या पाठीला बघ. लाल-पांढरी भोकं. नव्या टीव्हीला ती नाहीत. मग काय करायचं?"

"दोगांत सारकं असलेलं दुसरं भोक हुडकायचं," ती हळूच म्हणाली.

"शाब्बास. हुडक."

तिनं हुडकलं. दोन्हीकडे झाकण असलेलं एक चौकोनी भोक होतं. मी पेटीतून ऑप्टिकल केबल काढली, तिचं एक टोक टीव्हीत बसवलं आणि दुसरं प्रगतीच्या तळहातावर धरलं. हातावर लाल ठिपका उमटला.

"चटका न्हाय बसत?"

"उजेडच आहे नुसता. आवाज या उजेडातून जातो."

दुसरं टोक रिसिव्हरमध्ये बसवलं. तरी आवाज येईना. प्रगतीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर निराशा नव्हती, सुटका होती. तेव्हा मला ते कळलं नाही.

"नवा टीव्ही आवाजाचं गाठोडं बांधून पाठवतो," मी समजावलं. "जुन्याला ती गाठ सोडता येत नाही. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन पीसीएम निवडायचं. मग टीव्ही आवाज सुटा करून देतो. आणि या वाटेनं आवाज पाठवला की टीव्हीचा स्वतःचा स्पीकर बंद होतो."

"मग ही वायर निगाली तर?"

"तर दोघंही मुके. घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल."

तेवढ्यात लखनला फोन आला. तो गाडीच्या भाड्याचं बोलत बाहेर गेला. प्रगतीनं माझं मनगट धरलं.

"सर, जमत न्हाय म्हणा ना."

"का गं? एक बटण तर राहिलंय."

"पप्पा आदी आवाज वाडवत्यात. मग मम्मीला मारत्यात. ह्या आटवड्यात आवाज न्हवता, तर एकदाच मारलं. तोंडात फडकं कोंबून." तिनं फळीवरच्या तांब्याकडे बोट केलं. त्याची एक बाजू आत दबली होती. "टीव्ही मी न्हाय फोडला. मम्मीनं डोकं खाली घेतलं, म्हणून पप्पांनी फेकलेला तांब्या टीव्हीला लागला."

मोना स्वयंपाकघरातून पुढं आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"गुरुजी, जोडून द्या," ती कुजबुजली. "न्हाय जोडलं तर तुमी गेल्यावर मलाच धरंल. जोडलं तर आजचा दिस तरी खुशीत जाईल."

मुलगी एक सांगत होती, आई दुसरं. बाहेर लखनचं बोलणं संपत आलं होतं. मी बटण दाबलं.

टीव्हीवर कसलीशी लढाई चालू होती. बंदुकांचा आवाज खोलीत घुसला. लखन धावत आत आला, त्यानं आवाज आणखी चढवला आणि खूश होऊन प्रगतीच्या पाठीत थाप मारली. तिनं दोन्ही हात डोक्यावर घेतले.

"लखन," मी म्हणालो, "आता हात आवर. पोरगी मोठी होतेय."

त्याचं हसू गेलं. माझी मान धरून त्यानं मला दारापर्यंत ढकलत नेलं आणि माझं कपाळ चौकटीवर आपटलं. चष्मा खाली पडला. त्यानं त्यावर सावकाश पाय ठेवला.

"गुरुजी, वायरीचं झालं. घराचं मी बगतो."

घरी माझी बायको समिना भुवईवरचं रक्त पुसत म्हणाली, "आत्ताच्या आत्ता पोलिसांना फोन करा." "मोना म्हणाली, आजचा दिवस निभावेल," मी म्हणालो. "उद्या बघू." समिनानं बोळा माझ्या हातात दिला आणि ती उठून गेली.

उद्यापर्यंत थांबावं लागलं नाही. दिवस मावळत होता. लखनच्या भिंतीला भिंत असलेल्या छबूबाई नळावर भांडी घासत होत्या, त्यांचा ऋतिक मोटरसायकल धूत होता. समोर पिक्चर लागला. काचा थरथरल्या. मी अनवाणी धावलो. दाराला आतून कडी होती. मी दोन्ही हातांनी दार बडवलं, पण माझं बडवणं मलाच ऐकू येत नव्हतं.

"छबूबाई! तो मोनाला मारतोय!"

छबूबाईंनी हातातल्या पातेल्यावरून नजर उचलली नाही.

"पिक्चर हाय गुरुजी. रोजचंच हाय."

आणि पिक्चरचा आवाज थांबला. गोळीबार चालू असताना, मध्येच.

मग पट्ट्याचा आवाज आला. एक. आणखी एक. हाडावर बसल्यासारखा तिसरा. "डोस्क्यात नगं! डोस्क्यात नगं वो!" मोना ओरडत होती. सगळी गल्ली जागच्या जागी उभी राहिली. नळ तसाच वाहत होता.

"कुणी काडली? वायर कुणी काडली?" लखन गरजला. काहीतरी फुटलं. त्यापाठोपाठ प्रगतीची किंकाळी आली.

छबूबाईंनी पातेलं टाकलं आणि भिंतीला लावलेलं खोरं उचललं. "ऋत्या, दार मोड!"

तिसऱ्या लाथेला कडी निघाली. मोना भिंतीशी पडली होती. तिचा जबडा एका बाजूला सरकला होता आणि तोंडातून रक्ताची तार लोंबत होती. लखननं प्रगतीला केसांनी धरून जमिनीवर दाबलं होतं आणि टाचेनं तो तिच्या उजव्या मनगटावर लाथा घालत होता. तिची मूठ त्याला उघडायची होती. ती उघडत नव्हती. मुठीच्या फटीतून लाल उजेड दिसत होता.

छबूबाईंनी खोऱ्याचा दांडा त्याच्या पाठीत घातला. तो वळला आणि त्यानं छबूबाईंच्या तोंडावर ठोसा मारला. दात फरशीवर पडला. त्यांनी पुन्हा दांडा उचलला आणि या वेळी गुडघ्यावर घातला. तो खाली कोसळला. ऋतिक त्याच्या छातीवर बसून मारत सुटला. गल्लीतली आणखी तिघं त्या ढिगात शिरली. आठवडाभराचं नव्हे, कित्येक वर्षांचं मारत होती ती. मला त्यांना थांबवायचं सुचलं नाही, की थांबवायचं नव्हतं, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. शेवटी समिनाच ओरडली, "मरेल तो! सोडा!" पोलिसांना फोनही तिनंच केला होता.

मी प्रगतीजवळ गुडघ्यांवर बसलो. तिचं मनगट जिथं वाकायला नको तिथं वाकलं होतं.

"सोड बाळा ती वायर."

"न्हाय. परत जोडत्याल."

मी टीव्हीच्या मागं हात घालून केबलचं दुसरं टोक उपसलं. मुठीतला उजेड गेला, तेव्हा तिनं बोटं सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारामतीच्या दवाखान्यात हवालदार जबाब घ्यायला आले. लखन कोठडीत होता. मोनाचा जबडा तारेनं बांधला होता, तिला बोलता येत नव्हतं. शेजारच्या खाटेवर प्रगती होती, कोपरापर्यंत प्लास्टर.

"याच्या आधी कधी काही ऐकलं होतं?" हवालदारांनी विचारलं.

ऋतिकनं मान खाली घातली. छबूबाई सुजलेल्या ओठांनी बोलल्या.

"ऐकत हुते, सायेब. पिक्चर कितीबी मोट्यानं लावला तरी मदला बाईचा आवाज कळतो. मी भांडी जोरानं घासायची."

मोनानं भिंतीकडे तोंड फिरवलं. हवालदारांनी लिहून घेतलं आणि ते माझ्याकडे वळले.

"गुरुजी, तुम्ही दार वाजवायला गेलात, तेवढंच सांगा."

"त्याच्या आधीचं लिहा," मी म्हणालो. "मला दुपारीच कळलं होतं. या मुलीनं सांगितलं होतं. तरी जोडून मी दिलं."

"ते कशाला लिहायचं? तुमचा काय गुन्हा?"

"लिहा."

त्यांचं पेन कागदावर थांबलं होतं. प्रगती खाटेवर उठून बसायला धडपडत होती. मी तिच्या पाठीला हात दिला.

"माजंबी लिवा," ती हवालदारांना म्हणाली. "वायर मी काडली."