प्रस्तावित नावाचं मैदान

मित्रांनो, मी एक जुनं मैदान आहे. वडवणीहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेलं, ना कुंपण, ना छप्पर. गरिबाची करुण कहाणी ऐकायला मिळेल म्हणून रुमाल काढून बसला असाल, तर तो खिशात ठेवा. मी रडायला आलेलो नाही.

मी मूळचं गायरान. गावच्या मेंढरांनी माझ्यावर चरावं, एवढंच माझं काम होतं. मग बातमी आली, की इथं क्रीडा संकुल व्हायचं आहे आणि त्यासाठी माझी जागा ठरली आहे. ग्रामसभेत आधी मेंढपाळांनाच विचारावं लागलं. त्यांच्यात मुंजाजी वडीलधारे. ते उठून म्हणाले, "मेंढरं डोंगराकडं नेताव आमी. पोरं मातर दुसरीकडं कुठं पळतील?" एवढ्या बोलण्यावर मी गायरानाचं मैदान झालो.

नारळ फुटला, पेढे वाटले आणि रस्त्याच्या कडेला भला मोठा फलक उभा राहिला, 'प्रस्तावित क्रीडा संकुल'. त्यावरच्या चित्रात लाल ट्रॅक होता, दिवे होते, पायऱ्यांची गॅलरी होती. दोन-चार पावसाळ्यांत चित्र उडालं, अक्षरंही पुसली गेली आणि फक्त पहिला शब्द उरला. त्याचा अर्थ गावाला कुणी कधी सांगितला नव्हता. लोकांना वाटलं, हे माझं नावच असणार, कुणा थोर माणसाचं दिलेलं! पोरं "परस्तावितवर चाललो" म्हणून घरातून निघू लागली. एसटीचे कंडक्टरसुद्धा थांब्यावर "चला, परस्तावितवाले, उतरा!" अशी हाळी देऊ लागले. मला हसू यायचं, पण नाव अंगाला चिकटलं ते चिकटलं.

निधी मात्र आला नाही. यंदा तिजोरीत खडखडाट आहे, पुढच्या वर्षी बघू, हे मी दरवर्षी ऐकलं. गाव काही वाट बघत बसलं नाही. माझी माती काळी. पावसात ती पायाला धरते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून लोकांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून मुरूम आणला, पसरला, त्यावर पाणी मारलं. पण दाबायला रोलर आणायचा कुठून? तेव्हा मुंजाजींनी आपला कळप ओल्या मुरमावरून गोल गोल हिंडवला. मेंढरांच्या खुरांनी मुरूम असा घट्ट बसला, की बघायला लांबून माणसं आली. शाळेच्या सरांनी दोरी धरून फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या. लेंड्या तेवढ्या वेचाव्या लागल्या, बाकी ट्रॅक झाला.

त्या ट्रॅकवर पोलीस भरतीची पोरं-पोरी तयार झाली. अंगावर वर्दी आली, की ती आधी माझ्या मातीला हात लावायला यायची. तेव्हा माझी छाती फुगायची. कशाला लपवू?

आता माझ्यावर पळते ती ऋतुजा, मुंजाजींची नात. लांब पल्ल्याच्या शर्यतीत ती जिल्ह्यात पहिली आली आणि सध्या राज्याच्या निवडीची तयारी करते आहे. तिची आई साखराबाई मेंढरं डोंगराकडं नेता-आणताना कडेला उभी राहते. रस्त्यावर पळायला तिनं लेकीला साफ मनाई केली आहे, कारण तिथं उसाच्या ट्रॉल्या आणि भरधाव गाड्या. म्हणजे मी आहे तोवरच ऋतुजाचं पळणं आहे. मी गेलो, की तेही गेलं.

आणि गेल्या महिन्यात नेमकं तेच कानावर आलं. पैसा कमी पडतो आहे, म्हणून मोठ्या शहरातलं स्टेडियम आधी पुरं करायचं आणि तालुक्यांतल्या पडीक जागा दुसऱ्या कामांना देऊन टाकायच्या. माझ्या छातीवर गोदाम उभं राहणार होतं. पाहणीला एक साहेब आले आणि त्यांची जीप सरळ ट्रॅकवर घुसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

साखराबाई काठी आडवी धरून जीपसमोर उभी राहिली. "गाडी मागं घ्या, साहेब. पोरगी पळायलीय."

साहेब काही वाईट माणूस नव्हते. खाली उतरून ते म्हणाले, "मावशी, ही जागा आमच्याकडं पडीक म्हणून नोंदलेली आहे. प्रस्तावित संकुलाची ना ही?"

"व्हय, हेच परस्तावित," कळपामागून पुढे आलेले मुंजाजी म्हणाले.

"बाबा, प्रस्तावित म्हणजे अजून झालेलंच नाही."

मुंजाजी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. "झालं न्हाई? मंग ही पोरगी कशावर पळायलीय? समदे वळखतेत की याला. एसटीच्या कंडक्टरला इचारा."

साहेबांना हसू फुटलं, पण ते फार टिकलं नाही. तेवढ्यात ऋतुजा फेरी संपवून धापा टाकत आली. साहेब तिला समजावू लागले, "बाळ, पैसा थोडा आहे. सगळीकडं चिमूट चिमूट वाटला, तर कुठलंच काम धड होत नाही."

मला त्यांचं म्हणणं पटलं नाही, पण कळलं. हात आखडता घेणं या गावाला कुणी शिकवायला नको. ऋतुजानं कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाली, "पैसा नका देऊ, सर. दिलं न्हाई ते न्हाई. पण हाय ते कशापायी न्यायलात?"

साहेब जीपकडे वळले. त्यांनी जीप मागे घ्यायला लावली. जाताना म्हणाले, "जागा वापरात आहे, असं मी लिहितो. पुढचं वरच्यांच्या हातात."

बांधा ना, मित्रांनो, मोठी स्टेडियमं खुशाल बांधा! मला त्यांचा हेवा नाही. पण तिथं धावणारे पाय आभाळातून पडत नाहीत. ते आधी माझ्यासारख्याच्या धुळीत मळलेले असतात. तुमच्याही गावात माझा एखादा भाऊबंद असेल. त्याच्यावर कचरा टाकू नका, गाड्या लावू नका. त्याच्यावर खेळा, पडा, गुडघे फोडून घ्या. मैदानाची निगा म्हणतात ती हीच.

मी मात्र कुणापुढे हात पसरणार नाही. वरचा निकाल अजून आलेला नाही. ऋतुजानं त्यासाठी एक दिवसही सुट्टी घेतलेली नाही. उद्या उजाडलं, की ती पळायला येणार आहे. ज्याला गोदाम बांधायचं असेल, त्यानं खुशाल यावं. आधी तिला थांबवून दाखवावं.