खाडीच्या तोंडचा दिवा

मार्गशीर्षातली अवस होती. सूर्य कलता कलता, ऐन ओहोटीला, आमच्या भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत विमान उतरलं. आत एकटा पारशी वैमानिक. इंजिनातला बिघाड त्याने तासाभरात काढला, पण तोवर काळोख पडला. काळोखात उडता येत नव्हतं आणि तिथे थांबताही येत नव्हतं. अवसेची भरती सुरूच्या झाडांना लागते. विमान चालवत नेऊन सुरूंच्या मागच्या उंचवट्यावर ठेवायचं ठरलं.

माझे धाकटे दीर गंगारामभावोजी मुंबईला विमानांच्या मैदानावर खलासी, विमानं हलवण्याच्या कामावर. रजेवर आले होते, त्यामुळे सगळा कारभार त्यांच्याकडे. आमच्या ओटीवर कंदिलात तेल भरता भरता ते समजावत होते. जमिनीवर विमानाचं नाक वर असतं, वैमानिकाला समोरचं दिसत नाही, बाजूने वाकून बघावं लागतं. रात्री तर आपलं तोंड कुठे आहे तेच त्याला कळत नाही. म्हणून एकच दिवा धरायचा आणि त्याच्या रोखाने जायचं. कंदील घेऊन भावोजी सुरूंपाशी उभे राहणार, आणि पंखाचं टोक धरून चालणार हे, म्हणजे माझे यजमान.

"दादा, काय वाट्टेल ते झालं तरी पंख सोडू नकोस. सोडलास तर कलंडेल," भावोजी म्हणाले.

हे वीस वर्षं गलबतावर तांडेल, खलाशांचे म्होरके. "पाण्यावर असतास तर माझं ऐकलं असतंस," हे हसून म्हणाले. "आज मी तुझं ऐकतो."

वैमानिकाने चहाची बशी खाली ठेवली. "बत्ती दिसेल तवर चालेल. बत्ती गेली, तर तिथेच इंजिन बंद. मग एक वीत पण पुढे नाय."

माणसं वाळूकडे गेली, आणि मला दिव्याची आठवण झाली.

खाडीच्या तोंडाशी चिऱ्याची एक देवळी आहे. ह्यांचं गलबत एकदा आठ दिवस बेपत्ता झालं होतं. तेव्हापासून अकरा वर्षं मी रोज तिन्हीसांजेला तिथे खोबरेलाचा दिवा लावत आले, ह्यांच्या जिवासाठी. लावून परतायचं, मागे बघायचं नाही, असा नेम. त्या दिवशी पाहुण्याच्या गडबडीत वेळ टळली होती. मनाला कसंसंच झालं. पणती, तेल घेऊन धावतच गेले. वाऱ्याला टिकावी म्हणून वात जरा जाडच वळली. दिवा लागला. हात जोडले आणि पाठ फिरवून वाळूतून चालू लागले.

तेवढ्यात इंजिन सुरू झालं. असला आवाज मी कधी ऐकला नव्हता, छातीत धडधडत होता. भावोजींचा कंदील डावीकडे लांब, सुरूंपाशी दिसत होता. विमानाचं तोंड उलट्या बाजूला होतं, ते आधी वळवायचं होतं. आवाज वळला. आणखी वळला. मग माझ्याकडे येऊ लागला.

मला वाटलं, अजून वळतंय. मी नाम घेत उभी राहिले. आवाज वाढतच गेला. कंदील होता तिथेच होता, आणि विमान त्याच्याकडे जात नव्हतं. मग ते कुठे बघून चाललं होतं?

अकरा वर्षांत पहिल्यांदा मी मागे बघितलं. देवळीत माझा दिवा शांतपणे जळत होता. त्याच्या शेजारीच वाळू तुटते, खाली खाडी. तिथली ओढ ह्यांच्यासारख्या पोहणाऱ्यालाही सोडत नाही. आणि हे तर पंख सोडणार नव्हते.

मी ओरडले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

पळाले. लुगडं पायात येत होतं, वाळू ओढत होती. देवळीशी पोचले तेव्हा आवाज अगदी पाठीशी आला होता. हात पुढे केला आणि तिथेच अडला. ह्यांच्या जिवाचा दिवा, तो मी माझ्या हाताने घालवायचा? खोटं कशाला बोलू, तेवढा क्षण मी थांबले.

मग वातीवर हात दाबला.

काळोख झाला. आवाज दोनदा खोकला आणि बंद पडला. नुसती खाडी वाहत होती. मी हाक मारली नाही. उत्तर आलं नाही तर, एवढंच मनात.

"गंगाराम, कंदील आण रे," हे जवळूनच म्हणाले. "माझा पाय पाण्यात आहे."

भावोजी धावत आले. कंदिलाच्या उजेडात दिसलं, चाक कडेपासून हातभर. मग भावोजी स्वतः कंदील घेऊन पुढे चालले आणि विमान त्यांच्यामागून सुरूंकडे गेलं. ह्यांनी तेव्हाही पंख धरला होता.

रात्री माझ्या भाजलेल्या तळहाताला तूप लावताना ह्यांनी विचारलं, दिवा वाऱ्याने गेला का. मी म्हटलं, "नाही. मी घालवला." ह्यांनी बोटावर आणखी तूप घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मी पुन्हा दिवा लावला. नेम मोडलेला नाही. फक्त परतताना, थोडं पुढे गेल्यावर, मी थांबते आणि मागे बघते.