वाळूवरचा लाल ठिपका

रमण काही कलाकार नव्हता. देवगडहून मस्कतला आलेला साधा फ्रेमवाला. फ्रेमवाल्यानं चित्रात हात घालू नये एवढी अक्कल त्याला होती. पण २०१४ साली, मस्कतच्याच गाला भागातल्या फ्रेमच्या दुकानात एक मोठं चित्र ताणून बसवताना त्याचा स्क्रूड्रायव्हर निसटला आणि रंगवलेल्या वाळूवर चांगलाच ओरखडा उठला.

चित्र सलालाहच्या एका हॉटेलसाठी होतं. फ्रान्समधल्या कुठल्याशा जुन्या किनाऱ्याचं. छत्र्या घेतलेल्या बायका, झेंडे, हवा खायला आलेली श्रीमंत मंडळी. जवळून बघावं तर नुसते रंगाचे फराटे, मागं सरकलं की माणसं. अर्बाबला, म्हणजे मालकाला, कळलं असतं तर नोकरी गेलीच असती. म्हणून रमणनं ओरखड्यावर एक लाल ठिपका दिला. मग राहवलं नाही म्हणून वर दोन वेण्या काढल्या. मागं होऊन पाहिलं तर थेट त्याची लेक ज्ञानदा! गडी स्वतःवरच खूश झाला.

दुसऱ्या दिवशी ओरखडा उघडा पडला होता आणि लाल फ्रॉकमधली पोर जरा पुढं होती, पाण्याच्या दिशेनं. रमणनं चष्म्याला शिव्या घातल्या आणि कामाला लागला. जेवून आला तर ती ओल्या वाळूवर पोचलेली. रमणनं लगेच वादी कबीर भागातल्या आपल्या घरी फोन लावला.

"ज्ञानदा कुठाय?"

"अहो, शाळेला सुट्टी ना आज? शेजारच्या भावनाताईंबरोबर बीचवर गेलीय," त्याची बायको मैना म्हणाली. "लाल फ्रॉक घालून. का हो?"

भावनाताई फोन उचलेनात. ठिपका खरवडायला रमणनं कटर उचलला, पण परत खाली ठेवला. खरवडताना पोरीलाच काही झालं तर? तिकडं तिचे पाय बुडलेसुद्धा होते. त्यानं ब्रश निळ्या रंगात बुचकळला आणि तिच्यापुढं, खोल पाण्याच्या बाजूला, एक जाड फराटा मारला. त्याच्यासारखाच कामाची निळी डांगरी घातलेला माणूस. त्या माणसाचा हात त्यानं तिच्या दंडाला नेऊन भिडवला.

"थांब गं बाय," तो पुटपुटला.

संध्याकाळी ज्ञानदा घरात सुखरूप होती, पण फुगून बसलेली.

"बाबा, तू मला इतकं हार्ड का ओढलं? हात दुखते माझा. आणि मी कॉल केलं तरी तू बाहेर नाही आला. तू वॉटरमध्येच गेला."

"काहीतरीच काय! बाबा दुकानात होते," मैना हसली. रमणनं लेकीला घट्ट जवळ घेतलं.

सकाळी दुकानात चित्र तसंच उभं होतं. निळा माणूस पाठमोरा, छातीभर पाण्यात. काल काढला त्यापेक्षा तो खोल गेलाय, हे रमणला कळलं. तरी त्यानं सगळं चित्र कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत शोधलं. लाल रंग कुठंच नव्हता; पोर चित्रातून बाहेर पडली होती.

"यल्ला रमण, पॅक करो!" अर्बाब दारातून घाई करत ओरडला.

रमण खाली बसला आणि त्याला रडू फुटलं. ते आनंदाचं होतं.