भलत्या ठिकाणची साखर

निवृत्त हेडमास्तर आमच्या अपघात विभागात शिरले ते पाय फाकवून आणि वर्तमानपत्र पोटाखाली धरून. बायकोला म्हणाले, "तू बाहेर बस." काकू त्यांच्या आधी आत पोचल्या.

दुखणं असं की, आंघोळीत स्वच्छतेसाठी लिंगाची पुढची कातडी मागे घेतली आणि पुन्हा पुढे आणायची राहिली. ती मागेच अडकली, पुढचा भाग सुजून टम्म झाला, आणि लाजेपायी काकांनी दिवसभर कुणाला सांगितलं नाही. या लाजेचा मला मनापासून राग येतो. कान दुखला की घर डोक्यावर घेतात, इथे मात्र तोंडाला कुलूप!

"सूज उतरली की कातडी हातानं पुढे आणता येईल," डॉक्टर म्हणाले. "नाही उतरली तर छोटा छेद द्यावा लागेल. आधी साखर लावून बघू, ती सुजेतलं पाणी ओढून घेते. सिस्टर, साखर आणा."

छेद ऐकताच काकांचा चेहरा पांढरा पडला. मी चहाच्या खोलीत धावले, तर डबा रिकामा. डॉक्टर स्वतःच्या कपात इतकी साखर ओततात, उरणार कुठून?

"हिच्या पिशवीत आहे की!" काका म्हणाले. "माझ्या चहासाठी सोबत बाळगते."

काकूंनी पिशवी छातीशी धरली. "ती नको."

"अगं, इथे माझ्या जिवावर बेतलंय आणि तू हात आखडतेस?"

"साखर नाहीये ती!" काकू रडकुंडीला आल्या. "तुम्हाला मधुमेह निघाल्यापासून गोड लागणारी पूड घालतेय. सांगितलं असतं तर चहाला तोंड लावलं असतंत का?"

काका आ वासून बघत राहिले. "म्हणजे इतकी वर्षं मला फसवलंस?"

"आणि तुम्ही आज दिवसभर काय केलंत?"

मला टाळी वाजवावीशी वाटली, पण आधी कँटीन गाठायला हवं होतं.

खरी साखर आली. ती जागेवर थापून वरून ओल्या गॉझची पट्टी गुंडाळली.

"रक्तात नाही ना चढणार?" काकूंनी हळूच विचारलं.

"वरून लावलेली नाही चढत," डॉक्टर म्हणाले.

"इतक्या वर्षांनी भेटली," काका छताकडे बघत पुटपुटले, "आणि तीही भलत्याच ठिकाणी!"

काकूंना हसू आवरेना. मग काकांनाही आवरेना, आणि मी त्यांना हलू नका म्हणून दटावताना स्वतःच हसत सुटले.

तासाभरात सूज बरीच उतरली. डॉक्टरांनी अंगठ्यांनी हलकेच दाब दिला, काकांनी काकूंचा हात घट्ट धरून डोळे मिटले, आणि कातडी पुढे आली. छेद टळला. मला फार बरं वाटलं.

डॉक्टर काकांच्या कानाशी वाकले. "यापुढे स्वच्छता झाली की कातडी लगेच पुढे आणायची. आणि पुन्हा अडकली तर त्याच क्षणी यायचं, लाजायचं नाही."

काकांनी डोळे पुसले.

"मोठ्यानं बोला, डॉक्टर," ते म्हणाले. "हिलाही ऐकू द्या."