सरळ कडा

बरोबर काम करणाऱ्या स्तेफामावशीनं कोपरानं ढोसलं तरी ब्रोंका हलेना. हातातला फर्मा, मासिकाच्या छापील पानांची घडी, तिनं उलटसुलट करून पान शोधलं, तेवढ्यात टेबलाभोवतीची बायकांची रांग तिच्या पाठीवर येऊन आदळली.

"चाल ना गं, मुळं फुटली काय पायांना?" मागची एक करवादली.

"माझं पत्र छापलंय."

"मग घरी जाऊन आरती कर त्याची. इथं क्रेब्स बघतोय."

क्रेब्स म्हणजे बाइंडिंग खात्याचा मुकादम. तो बघतच असायचा, त्याला दुसरा धंदाच नव्हता. ब्रोंका पुढं सरकली. एका गठ्ठ्यातला फर्मा उचलायचा, पुढच्या गठ्ठ्यातला त्यावर ठेवायचा, आणि टेबलाभोवती गोल गोल फिरायचं. शाळा सोडल्यापासून ती हेच करत होती. मास्तरीणबाई सगळ्या वर्गापुढं म्हणाली, पोलिश पोरांच्या डोक्यात गणित शिरत नाही. ब्रोंकानं डस्टर फेकून मारलं आणि परत त्या दारात पाय ठेवला नाही.

फिरता फिरता तिनं पत्र वाचलं. चार पानं लिहिली होती. छापल्या होत्या तीन ओळी. 'नव्या सरळ कडा आल्या. इतक्या वर्षांच्या आपल्या भांडणाचं चीज झालं. संपादकांचं अभिनंदन.' खाली संपादकाची लाडिक टिप्पणी, 'वोयतासबुवा, झालात ना एकदाचे खूश?'

ओळी तिच्याच होत्या. टोचायला म्हणून तिनं त्या सुरुवातीला घातल्या होत्या. खरं पत्र त्यांच्यानंतर सुरू होत होतं, आणि ते सगळंच्या सगळं गायब होतं.

'ग्रहांपल्याड' हे मासिक न्यू जर्सीतल्या ह्याच छापखान्यात बांधलं जायचं. मंगळावरची युद्धं, उडती जहाजं, असल्या गोष्टी. पण ब्रोंकाला गोष्टींपेक्षा मागची पत्रं आवडायची. तिथं देशभरातले वाचक नाव-पत्त्यासकट एकमेकांच्या झिंज्या उपटायचे. अमक्या लेखकाला चंद्रावर हवा नसते एवढंही कळत नाही, तमक्या चित्रकाराला घोडा काढता येत नाही. आणि सगळ्यांत मोठं रडगाणं कडांचं. अंकाची पानं कापलेली नसायची. कडा अशा, की बकरीनं चघळून थुंकल्यात. वाचून उठलं की मांडीवर हा कागदाचा भुसा. लोकांसमोर हातात धरायची लाज वाटायची. तेव्हा कडा कापा म्हणून वाचकांनी मोहीमच काढली. त्यात दोघं सगळ्यांत पुढं, नेब्रास्काचा एल्मर आणि बी. वोयतास, म्हणजे ब्रोंकाच. ही वोयतास मुलगी आहे हे कुणाच्या स्वप्नातही आलं नाही, आणि ब्रोंकानं सांगितलंही नाही. शेवटी मालक नमले. 'पुढच्या अंकापासून कडा सरळ,' असं संपादकानं जाहीर केलं. एल्मरनं तिला आनंदाचं लांबलचक पत्र पाठवलं.

कापणार कोण, हे कुणी विचारलं नाही. ब्रोंकानंही नाही, आणि ती तर रोज तिथंच उभी असायची.

कटिंग मशीन आलं, माणूस आला नाही. तिचा लुद्विकमामा टाके मारायच्या मशीनवर होता. आई गेल्यावर ब्रोंकाला त्यानंच सांभाळलं होतं. क्रेब्स म्हणाला, "लुद्विक, हे पण तूच बघ." दोन मशीनं, एक माणूस. पात्यापुढं जाळी होती, तिच्यामुळं गड्डी सरकवायला वेळ लागायचा, म्हणून क्रेब्सनं जाळी काढून कोपऱ्यात ठेवली. दुसऱ्याच अंकाला पात्यानं मामाच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली. क्रेब्सनं रक्त लागलेली गड्डी बाजूला काढायला लावली आणि मामाला विचारलं, "हात तिथं गेलाच कसा तुझा?" आठवड्यानं कळवलं, आता तुझ्याजोगतं काम नाही.

हे सगळं ब्रोंकानं लिहिलं होतं. जाळीचं, बोटांचं, मामाच्या नावासकट. तिला वाटलं होतं, ही आपली माणसं. घोड्याचा पाय चुकला तर पेटून उठतात. हे वाचल्यावर मालकांना फाडून खातील.

तिनं कानामागची पेन्सिल काढली. फर्म्याच्या समासात लिहायला टेकवणार, तोच स्तेफामावशी तोंडातल्या तोंडात म्हणाली, "कडेला नको. पातं खाऊन टाकतं तिथलं."

"मग?"

"आत लिही. पत्राखाली आहे बघ जागा. आणि वळून बघू नकोस."

मावशी क्रेब्सच्या आणि तिच्या मधे आली. जाडजूड बाई, एखादं कपाट सरकवावं तशी. ब्रोंका लिहीत सुटली. 'ह्या कडांनी लुद्विक बारानची तीन बोटं खाल्ली. संपादकानं हे कापलं.' एक झाला की दुसरा. अक्षर वेडंवाकडं, पेन्सिल दाबून दाबून कागद फाटायला आलेला. मागच्या बायकांना कळलं. एकीनंही क्रेब्सला हाक मारली नाही. ज्या मघाशी करवादत होत्या, त्याच आता पाय ओढत चालायला लागल्या.

पेन्सिल बोथट झाली तेव्हा क्रेब्स आला. त्यानं फर्मा घेतला, वाचला.

"अक्कल गहाण टाकलीस? तुझ्या बापाचा कागद आहे हा?"

"माझ्या मामाची बोटं होती ती."

"चल, कोट घे आणि चालती हो."

"जाळी कुणी काढली ते सांगा, मग जाते."

क्रेब्सनं तिला दंडाला धरून दारापर्यंत नेलं. सापडले तेवढे फर्मे त्यानं निवडून फेकले, पण बरेच आधीच टाक्याखाली गेले होते. ते अंक बाहेर पडले.

ब्रोंका रोज पोस्टमनची वाट बघत बसायची. मामाला सांगायची, "बघ तू, आता पत्रांचा ढीग येईल." मामा म्हणायचा, "येऊ दे." तो बँडेज बांधलेला हात मांडीवर ठेवून खिडकीशी बसलेला असायचा. चिडायचा नाही. ब्रोंकाला त्याचाही राग यायचा.

पत्र आलं ते एकच. एल्मरचं. कोबीच्या सुपाचं भांडं चुलीवर होतं, मामा टेबलाशी होता. तिनं उभ्या उभ्याच फोडलं आणि मोठ्यानं वाचायला लागली.

"'मित्रा, कडा अप्रतिम. पण माझ्या अंकात आपल्या पत्रांच्या पानावर कुणीतरी पेन्सिलनं गिचमिड केलीय. मी पहिल्यापासूनचे अंक जपलेत, एकावरही डाग नाही. तू छापखान्याच्याच गावात राहतोस, तर एक स्वच्छ अंक मिळवून पाठवशील का?'"

ती थांबली.

"संपलं?" मामा.

"नाही."

"मग वाच की."

"'आणि हा लुद्विक बारान कोण? पुढच्या कथामालेतलं पात्र आहे का? बोटं खाणारं यंत्र, कल्पना झकास आहे.'"

ब्रोंकानं पत्र चुरगाळलं. तोंडात आल्या त्या सगळ्या शिव्या दिल्या, एल्मरला, नेब्रास्काला, मंगळाला. "चुलीत घालते. उत्तर द्यायच्या पण लायकीचा नाही हा."

"आण इकडं," मामा म्हणाला.

"काय करायचंय?"

"कागद आण. आणि पेन्सिल."

त्याचा आवाज चढला नव्हता, पण जबड्याचं हाड वरखाली होत होतं. इतक्या दिवसांत तिनं ते पहिल्यांदा पाहिलं. तिनं कागद आणून ठेवला. मामानं डाव्या हातात पेन्सिल पोराटोरांसारखी मुठीत पकडली. पहिलं अक्षर काढायला गेला तर कागदच घसरला. परत काढलं, परत घसरला.

"तू सांग, मी लिहिते," ब्रोंका म्हणाली. ऐकेना, म्हणून तिनं कागद दाबून धरायला हात पुढं केला.

"सरक."

तिनं हात मागं घेतला. मामानं बँडेजचा हात उचलला, कागदाच्या वरच्या कोपऱ्यावर ठेवला आणि त्याच्यावर खांद्याचा सगळा भार टाकला. कागद हलायचा थांबला. मग डाव्या हातानं, एकेक अक्षर घोटत, त्यानं स्वतःचं नाव लिहायला सुरुवात केली.