जपून धर

भुईमूग उपटायला दोन्ही हात लागतात. त्यात पाणी तुटून पंधरवडा झालेला, माती विटेसारखी टणक. तरी लंबू सकाळपासून एकट्या उजव्या हातानं वेल ओढत होता आणि निम्म्या शेंगा जमिनीतच राहत होत्या. शेजारच्या बांधावरून मावशीला ते बघवेना. ती बाह्या सारून सरळ त्याच्या सरीत शिरली.

लंबूची आई तिथंच शेंगा तोडत बसली होती. वर न बघता ती म्हणाली, "राहू दे. तुमच्या घरानं हातभार लावला तेवढा पुरे झाला."

मावशी मागं फिरली. बोलायला तोंड होतं कुठं?

अख्ख्या गावाची हाडं तिच्या हाताखालून गेलेली. कुणाची मान अवघडली, कुणाचा पाय मुरगळला की मावशीचं दार. आणि कुणाचं काय दुखतं हे तिनं कधी दुसऱ्याच्या कानावर घातलं नाही. सासूच्या कंबरेचं सुनेला सांगितलं नाही, तिथं बाकीच्यांची काय कथा. तिचा मुलगा आणि लंबू एकाच मातीत लोळून पैलवान झाले, पुढं शहरातल्या दोन संघांत पगारावर लागले. सुट्टीला आला की लंबू घरी पिशवी टाकायच्या आधी मावशीपुढं खांदा उघडा करून बसायचा.

यंदा स्पर्धेच्या शेवटच्या कुस्तीत दोघं समोरासमोर आले. आठवडाभर आधी मुलाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यानं सहज विचारलं, लंबूचा खांदा कसा आहे? मावशीला वाटलं, पोराच्या हातून नकळत इजा नको व्हायला. तिनं सांगून टाकलं, "डावा अजून कच्चा आहे रे. जपून धर."

कुस्ती साऱ्या गावानं किराणा दुकानातल्या टीव्हीवर पाहिली. सुरुवातीलाच मुलाचा पाय घसरला, तर लंबू दोन पावलं मागं सरून तो उठेपर्यंत थांबला. उठल्या उठल्या मुलानं त्याचा डावा खांदाच धरला. लंबूनं हार मानून हात आपटला, पंचानं शिट्टी फुंकली, तरी मुलानं आणखी एक पीळ दिला. मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता डॉक्टर म्हणतात, हात खांद्याच्या वर जायचा नाही. संघानं दुसरा गडी घेतलासुद्धा.

मावशी लंबूच्या सरीतून मागं फिरली, त्याच दुपारी मुलगा गाडीतून उतरला, हातात भला मोठा चषक. मावशीनं चषकाकडं बघितलंच नाही. शिट्टी झाल्यावर का पिळलास, एवढंच तिनं विचारलं. बूट सोडता सोडता त्यानं सांगितलं, की खांदा धड राहिला असता तर लंबू पुढच्या वर्षी पुन्हा समोर उभा राहिला असता. तिथं जिंकण्याचा पगार मिळतो, चांगुलपणाचा नाही. मग उठून त्यानं दाराला कडी घातली आणि पँट वर सारली. उजवा गुडघा सुजून टम्म झाला होता.

"आई, जरा बघ. आणि कुणाला बोलू नकोस. लंबूच्या घरी तर अजिबात नको."

"आजवर एकदाच बोलले," मावशी म्हणाली, "पोटच्या पोराजवळ."

तिनं तेल कोमट केलं, गुडघा चोळून दिला. पोटचा गोळा, करते काय? पण हात नेहमीसारखे चालेनात.

दुसऱ्या दिवशी लंबूची आई बाजाराला गेली होती. मावशी त्याच्या सरीत जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "खांद्याचं मीच सांगितलं होतं रे."

"माहीत आहे. तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?" लंबूनं वेलाची माती झटकली. "त्याचा गुडघा कसा आहे?"

मावशी चपापली. "कुठला गुडघा?"

"उजवा. घसरला तेव्हाच कळलं मला. त्या पायावर भारच देत नव्हता. तिथं टांग मारली असती, तर कुस्ती माझी होती."

"मग मारली का नाहीस?"

लंबू तिच्याकडं बघतच राहिला. हे काय विचारणं झालं, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"दुखत होतं की त्याला, मावशी."

मावशी सरीतच बसली. तिला रडू आवरेना. लंबूनं नुसती आपली शेंगांची पाटी थोडी बाजूला सरकवून तिला जागा केली. मग डोळे पुसून तिनं पुढचा वेल दोन्ही हातांनी धरला.